फाटकाबाहेर नसीम मॅडम

नसीम मॅडम खोलीत आल्या की प्रथम गादीला हात लावीत. बोलणे त्यानंतर. सकाळी मुलींच्या निजायच्या खोलीत त्यांची फेरी असे. मुलींकडे किंवा मावश्यांकडे पाहण्यापूर्वी त्या प्रत्येक गादीच्या मध्यभागी उजव्या हाताचा तळवा दाबून धरीत, कपाळावर ताप पाहावा तसा. त्यांचे वडील शहाद्यात गाद्या आणि रजया भरून देत. पिंजलेल्या कापसात वाढलेल्या त्या तळव्याला गादी ओली आहे, ओली होऊन वाळली आहे, की घाईने नुसतीच उलटी करून टाकली आहे, हे कळत असे. उलटी गादी सापडली तर त्या मुलीला काहीच विचारीत नसत. मावशीकडे वळून म्हणत, "हिला रात्री उठवलं नाही." हा प्रश्न नसे. उत्तराची वाट न पाहता त्या पुढच्या गादीकडे जात, आणि मावशी ती गादी उचलून मुकाट्याने उन्हात नेई.

शहाद्याहून नंदुरबारला येणाऱ्या रस्त्यावर, शहर लागण्याच्या थोडे अलीकडे, एका संस्थेने चालवलेले मुलींचे बालगृह होते. नसीम मॅडम त्याच्या अधीक्षिका. चार मावश्या, स्वयंपाकीण जनाबाई आणि पहारेकरी हिरामण एवढी माणसे त्यांच्या हाताखाली होती. मी तिथे समुपदेशक म्हणून रुजू झाले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, आणि शिक्षण पुष्कळ असले तरी कोणाशी चार वाक्ये सलग बोलण्याचा मला सराव नव्हता. लिहिण्याचा तर त्याहून नाही. त्यांच्याविषयी माझ्याहून समर्थ कोणीतरी लिहायला हवे होते. परंतु तसे कोणी त्या फाटकाजवळ नव्हते, म्हणून हे धाडस.

बालगृहात येणाऱ्या मुली नाना वाटांनी येत. कोणी रेल्वे फलाटावर सापडलेली, कोणाचा बाप तुरुंगात, कोणाची आई दुसऱ्या घरी गेलेली. पुष्कळशा सातपुड्यातल्या. त्यांची घरची बोली पावरी किंवा भिली, मावश्यांची अहिराणी, माझी पुस्तकी मराठी. नसीम मॅडम घरी उर्दू वळणाची हिंदी बोलत, बाजारात अहिराणी, आणि मावश्यांशी नि माझ्याशी कार्यालयीन मराठी. त्या तिन्हींतही त्या कमीच बोलत. अंगाने किरकोळ, ओढणी दोन्ही खांद्यांवर टाचणीने पक्की केलेली, चष्म्याला काळी दोरी. जेवण सर्वांत शेवटी, तेही स्वयंपाकघराच्या दारात उभ्याने. जनाबाई म्हणे, "मॅडम, बठीसन तरी खा." त्या म्हणत, "बसले की वरण चांगलं लागतं. मुलींना कसं लागलं ते कळत नाही." या वाक्याचा अर्थ जनाबाईला कधी लागला नाही. मला लागला असे वाटते, पण खात्री नाही.

मायेच्या प्रदर्शनाचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. पाहुणे येत, मुलींना जवळ घेऊन छायाचित्रे काढीत, आणि मावश्याही त्या दिवशी मुलींचे पापे घेत. पाहुणे गेल्यावर मॅडम म्हणत, "आपण पगारी माणसं. पगारी माणसानं मायेचं सोंग आणू नये. वेळेवर नाहू घालावं, वेळेवर जेवू घालावं. त्यातून माया झाली तर ती आपली आपण होईल." मावश्या यावर एकमेकींकडे पाहत. त्यांच्या मते मॅडमच्या छातीत गादीचाच कापूस भरलेला होता. हे त्या माझ्यादेखत म्हणत. मी त्यांची चहाडी करणार नाही इतका विश्वास त्यांनी माझ्या भित्रेपणावर टाकलेला होता.

नवी मावशी कामावर घेण्याची मॅडमची रीत तर गावभर चेष्टेचा विषय झाली होती. ज्योत्स्ना नावाची तरुण मावशी रुजू झाली तो दिवस मी पाहिला. ती नवी साडी नेसून, डबा घेऊन आली. मॅडमनी हिरामणला खूण केली. हिरामणने तिच्या चपला उचलून नेल्या, डबा नेला, मोबाइलही नेला. तिला अंगणात लिंबाच्या बुंध्याशी बसवले आणि सारे आपापल्या कामाला लागले. कोणी तिच्याशी बोलायचे नाही, किती वेळ बसायचे ते सांगायचे नाही, विचारले तर मान हलवून पुढे जायचे, असा दंडक होता. सकाळचे ऊन सरकत तिच्या गुडघ्यांपर्यंत आले.

"मॅडम, मन्ही चप्पल कोठे शे?" तिने जाणाऱ्या नसीम मॅडमना विचारले. मॅडम थांबल्या नाहीत.

थोड्या वेळाने तिने जनाबाईला गाठले. "आक्का, माले भूक लागनी. मन्हा डबा तरी द्या."

जनाबाईने मान हलवली आणि तोंडाला पदर लावून हसू दाबीत आत गेली. दुपारी तिच्यापुढे ताट आले, तेही अशा वेळी की तिची भूक मरून गेली होती. "खाय," एवढेच मंगलाबाई नावाच्या जुन्या मावशी तिला म्हणाल्या. ज्योत्स्नाने ताट सरकवून दिले आणि ती रडू लागली. तेव्हा मॅडम येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. चपला तिच्यापुढे ठेवल्या.

"कसं वाटलं?"

"घर जास मी. आशी नोकरी माले नको."

"तुला घर आहे. चपला घातल्या की जाशील." मॅडम म्हणाल्या. "इथे मुलगी येते तेव्हा तिचं असंच होतं. कोण, कुठे, किती दिवस, काही कळत नाही. ती ताट ढकलते तेव्हा आपण तिला माजोरी म्हणतो."

ज्योत्स्ना राहिली. पुढे ती स्वतःच ही गोष्ट नकला करून सांगत असे, आणि मॅडमच्या चालण्याची नक्कल इतकी हुबेहूब करी की मुली लोटपोट होत.

मॅडमचे बाकीचे नियम इतर कोठल्याही बालगृहासारखे होते. बाहेरच्या माणसाला बालकल्याण समितीच्या परवानगीखेरीज फाटकाच्या आत घेऊ नये. मुलीवर हात उगारू नये. उगारला तर पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी पगारी सुट्टी बंद. परंतु एक नियम त्यांचा स्वतःचा होता आणि त्याला समज नव्हती, दुसरी वेळ नव्हती. आईसाठी रडणाऱ्या मुलीला "सकाय तुन्ही माय येई" असे कोणी म्हणायचे नाही. म्हणजे, उद्या तुझी आई येईल. खानदेशातल्या कोणत्याही घरात रडते पोर गप्प करायला हे वाक्य सहज वापरतात. या घरात ते बोलणारीने त्याच दिवशी आपली पिशवी उचलायची होती.

या नियमामागची गोष्ट मला जनाबाईने सांगितली. पूर्वी एका पहारेकऱ्याने एका रडणाऱ्या मुलीला सांगितले होते, तुझी आई शहाद्याच्या बसने येणार आहे. मुलगी गप्प झाली. तिची आई कधी आली नाही. मुलगी त्या घरात मोठी झाली, शिकली, हसू-खेळू लागली. मात्र संध्याकाळची शहाद्याची बस रस्त्यावर वाजली की ताटावरून उठून फाटकाकडे जाई. आपण का उठतो हेही तिला पुढे पुढे सांगता येत नसे. वय पूर्ण होऊन ती बाहेर पडली त्या दिवशीसुद्धा हातातला घास खाली ठेवून उठली होती. मॅडम तेव्हा नव्याने आल्या होत्या. "मार पोर विसरतं," त्या म्हणत, "वाट विसरत नाही."

त्या नियमाने मंगलाबाईंचा बळी घेतला.

मंगलाबाई रनाळ्याच्या. विधवा, आडव्या बांध्याच्या, आवाज दवंडीवाल्यासारखा मोठा. तान्ह्या मुलीला नाहू घालावे तर त्यांनीच. त्यांच्या पसरलेल्या पायांवर पडलेले मूल रडत नसे. मॅडम आणि त्यांचे सख्य नव्हते. दोघी एकमेकींच्या कामाला मान देत आणि एकमेकींना टाळीत. मंगलाबाईंच्या वाट्याला भुरी आली.

भुरी पाच-सहा वर्षांची होती. शहाद्याच्या बसस्थानकावर, एका बाकाखाली, पोलिसांना सापडलेली. अंगात मळका घागरा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. तिला नाव सांगता येई, आणि तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्याचे नाव; यापलीकडे तिची बोली आमच्यापैकी कोणाला पुरती कळत नव्हती. ती रडत नसे. अन्नाला मात्र शिवत नसे. दातांवर दात दाबून बसे. ज्योत्स्नाने भात भरवून पाहिला, जनाबाईने केळे कुस्करून दिले, मी चित्रांची पुस्तके मांडली. तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली की भिंत धरू लागली.

त्या दुपारी मंगलाबाईंनी तिला मांडीवर घेतले, आणि थोड्या वेळाने भुरी वाटीभर दूध प्यायली, भात जेवली. सर्वांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बालगृहाचा फ्रॉक काढून टाकला, आपला घागरा मागून घेतला, आणि फाटकाच्या आतल्या पायरीवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत बसली. मॅडमनी ते खिडकीतून पाहिले आणि सगळ्यांना कार्यालयात बोलावले.

"हिला कोणी सांगितलं?"

"मी सांगं," मंगलाबाई म्हणाल्या. इकडे-तिकडे पाहिले नाही. "सकाय माय येई, आसं सांगं. तिले तेवढंच समजनं."

"नियम माहीत होता."

"माहीत व्हता. पोर उपाशी मरी जाती तवय तुमना नियम काय करता?"

मी काहीतरी म्हणाले. परिस्थिती अपवादात्मक होती, असे काहीसे वाक्य होते. ते माझ्याच कानांना कागदी वाटले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

"डॉक्टर होते. नळीनं पाजलं असतं," त्या मंगलाबाईंना म्हणाल्या. "आता ती जेवेल, आणि रोज पायरीवर बसेल. तिला उठवायला तुम्ही कुठून आई आणाल?"

मंगलाबाईंनी पदर खोचला. "तुमना नियमघाई पोट भरस का, मॅडम?" एवढे बोलून त्या आपली पिशवी आणायला गेल्या. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी पायरीवरच्या भुरीच्या डोक्यावर हात ठेवला. भुरीने रस्त्यावरची नजर काढली नाही.

त्यानंतर त्या घरात मॅडमशी कोणी कामाशिवाय बोलेना. जनाबाई त्यांचे ताट वाढून ठेवी आणि निघून जाई. ज्योत्स्नाने नकला करणे सोडले. मॅडमनी यातले काही लक्षात आल्याचे दाखवले नाही. त्यांनी एकच गोष्ट धरली होती: भुरीची आई शोधायची. पोलिसांकडे, समितीकडे त्या रोज विचारणा करीत. शेवटी त्या पाड्याचा ठावठिकाणा लागला आणि भुरीला आपणच घेऊन जाऊ असे त्यांनी ठरवले; परंतु निघायच्या आदल्या दिवशी भुरीला ताप भरला. हाताला चटका बसावा असा ताप. तिला रुग्णालयात ठेवले, ज्योत्स्नाला तिच्याजवळ बसवले, आणि आम्ही दोघीच निघालो.

तोरणमाळचा घाट चढताना जीपमध्ये त्या एकच वाक्य बोलल्या. "ताई, आई सापडली तर मी मंगलाला बोलवीन. तिचं वाक्य खरं ठरेल." मला तेव्हा प्रथम कळले की ते प्रकरण त्यांनी मिटवलेले नव्हते.

रस्ता संपल्यावर पायवाटेने पाडा आला. कुडाची घरे, दारात वाळत घातलेली चारोळी. भुरीची आजी दाराशी बसली होती. तिला दिसत नव्हते. तिच्या शेजारणीने आमच्याशी मोडक्या अहिराणीत बोलणे केले. भुरीची आई मुलीला घेऊन टोळीबरोबर गुजरातेत ऊस तोडायला गेली होती. तिथे फडातच तापाने गेली. तिथेच माती दिली. बाप आधीच दुसरीकडे घर करून राहिलेला. टोळी परत येताना शहाद्याच्या स्थानकावर गाडी बदलली, तेव्हा प्रत्येकीला वाटले पोर दुसरीजवळ आहे.

"पोरीला आई गेल्याचं ठाऊक आहे?" मॅडमनी विचारले.

शेजारणीने आजीकडे पाहिले. मग म्हणाली की फडातून निघताना पोर आईला सोडून येईना, तेव्हा टोळीतल्या बाईने तिला सांगितले होते, तुझी आई मागच्या बसने येते.

मॅडम खाली बसल्या. भुरीच्या वाटेला सुरुवात मंगलाबाईंनी केलेली नव्हती. ती शहाद्याच्या बाकाखाली आधीच वाट पाहत होती. आजीने हात पुढे करून मॅडमचा चेहरा चाचपला, ओढणी चाचपली आणि काही विचारले. शेजारणीने सांगितले, "म्हातारी विचारस, पोर जेवस का?"

"जेवते," मॅडम म्हणाल्या.

उतरताना जीपमध्ये बाजाराला निघालेली एक पावरा बाई आमच्या शेजारी होती. मांडीवर कोंबडा, डोक्यावर पदर. मॅडमनी तिला विचारले, आई मरण पावली हे लहान मुलीला तुमच्या बोलीत कसे सांगायचे? बाईने आधी त्यांच्याकडे निरखून पाहिले.

"कोन्ही माय?"

"एका पोरीची. तिला माझं बोलणं कळत नाही."

बाईने विचार केला. "गेली म्हणू नको. पोर म्हणी, कोठे गेली? तू आसं म्हण, ती आते येवाव नही." म्हणजे, ती आता येणार नाही. आणि तिने ते आपल्या बोलीत म्हणून दाखवले. लहानसे वाक्य होते. मॅडम ते पुटपुटू लागल्या. बाई चुका काढी, कोंबडा मान वर करी, मॅडम पुन्हा म्हणत. सगळा घाट त्यांनी ते वाक्य घोकण्यात घालवला. शहाद्याला बाई उतरली तेव्हा म्हणाली, "आते बरोबर. पन सांगशी तवय तिले धरी ठेव."

आम्ही नंदुरबारच्या बसस्थानकावरून थेट रुग्णालयात गेलो. दुपार टळली होती. भुरीने हातातली सलाइनची सुई ओढून काढली होती. परिचारिका म्हणाली, औषध तोंडातून घ्यायलाच हवे, आणि ही तोंड उघडत नाही. ज्योत्स्ना रडून थकली होती. मॅडमनी सवयीने गादीवर तळवा दाबला. मग खाटेच्या कडेला बसून मुलीला उचलून छातीशी धरले, जसे त्या बाईने सांगितले होते, आणि पावरीत सुरुवात केली. तुझी आई, एवढे त्या म्हणाल्या.

तो शब्द ऐकताच भुरीने डोळे उघडले. तिने मॅडमकडे पाहिले नाही. त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिले.

मॅडम थांबल्या. त्यांचे ओठ पुढच्या शब्दासाठी तयार झालेले मला दिसत होते. दार उघडे होते आणि त्यातून कोणीच येत नव्हते.

"सकाय येई," त्या म्हणाल्या. अहिराणीत. "तुन्ही माय सकाय येई."

भुरीने तोंड उघडले. परिचारिकेने चमचा पुढे केला. ज्योत्स्ना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मीही दुसरीकडे पाहिले. औषध संपले, पाणीही संपले.

भुरी बरी झाली. तिला परत आणले त्याच दिवशी तिने घागरा मागितला आणि ती पायरीवर जाऊन बसली.

शनिवारी मावश्यांची बैठक असे. मॅडमनी आधी किराण्याचे, मग अंथरुणांचे बोलणे उरकले. नंतर चष्मा काढून ओढणीला पुसला.

"ज्या वाक्यासाठी मंगलाबाईंना काढलं, ते मी बोलले आहे. ज्योत्स्ना आणि ताई तिथे होत्या. नियमाला अपवाद लिहिलेला नाही. म्हणून मी सोमवारपासून नाही."

जनाबाई म्हणाली, "मॅडम, पोर वाचनी ना. तेच मोठं शे."

"मंगलानी सांगं तवय बी पोर जेवनी व्हती," मॅडम म्हणाल्या. बैठकीत त्या अहिराणी बोलल्याचे मी त्या एकदाच ऐकले.

संस्थेच्या चिटणीसांनी त्यांना पुष्कळ समजावले. राजीनाम्याची गरज नाही, वाक्य काही गुन्हा नाही. मॅडमचे उत्तर एवढेच होते की मंगलाबाईंना काढताना हा विचार कोणी केला नाही, आता आपल्यासाठी तो करून घेण्याचा आपल्याला संकोच वाटतो. मात्र जाण्यापूर्वी त्यांनी मंगलाबाईंना परत घेण्याची मागणी मंजूर करून घेतली, आणि रविवारी मला बरोबर घेऊन, मंगलाबाई आता कामाला जात त्या मिरचीच्या पथारीवर गेल्या.

नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या माळावर लाल मिरची वाळत घालतात, ती पथारी. दुरून पाहिले तर जमिनीला आग लागल्यासारखे वाटते. बायका ओळीने बसून देठ खुडीत होत्या, तोंडाला फडकी बांधून. आम्हा दोघींना कडेपासूनच शिंका सुरू झाल्या. मंगलाबाईंनी मान वर केली, आणि फडक्यावरच्या त्यांच्या डोळ्यांत मला प्रथम करमणूक दिसली.

"काय करी ऱ्हायनी, मंगला?" मॅडम शिंकत म्हणाल्या.

"दखाये नही का? मिरच्या खुडी ऱ्हायनू."

"चाल."

"कोठे?"

"घर."

"कोन्हा घर? तो दरवाजा तुम्हीच लावा व्हता."

मॅडमनी सांगितले. पाडा, फड, बाकाखालची वाट, रुग्णालय. काहीही न गाळता, उभ्याने, मध्ये मध्ये शिंका आवरीत. शेजारच्या बायकांचे हात थांबले. मंगलाबाईंनी फडके खाली ओढले.

"तुम्ही सांगं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही?"

"मी."

मंगलाबाईंनी आपले पंजे पुढे केले. ते सुजून लाल झाले होते. "या हातसवरी पोरेसले कशी आंघोय घालू?" त्या म्हणाल्या. "तिन्हा आंगनी आग व्हई."

"आग जाई," मॅडम म्हणाल्या. "तवलग ज्योत्स्ना घाली. तू बाजूले बठ आन तिले शिकाड."

मंगलाबाई परत आल्या. मॅडम गेल्या.

म्हणजे असे आम्हाला वाटले. सोमवारी संध्याकाळी मी निघण्याच्या तयारीत असताना हिरामण मला बोलवायला आला. फाटकाबाहेर, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर, नसीम मॅडम बसल्या होत्या. गजांच्या आत, पायरीवर, भुरी.

"मॅडम, मझार या ना," हिरामण कुलपाशी उभा राहून, आत हात दाखवीत म्हणाला.

"समितीची परवानगी शे का मन्हाकडे?"

"तुमले कसानी परवानगी?"

"नियम सगळ्यांना आहे. कुलूप लाव."

त्याने कुलूप लावले. शहाद्याची बस आली, फाट्यावर थांबली, चार माणसे उतरली. भुरीने प्रत्येक बाईच्या तोंडाकडे पाहिले. बस गेली. मग मॅडम कठड्यावरून उठून फाटकाशी आल्या, उकिडव्या बसल्या, गजांतून हात घालून त्यांनी भुरीचा खांदा धरला आणि जीपमध्ये घोकलेले ते लहानसे वाक्य म्हटले. पुरते, शेवटपर्यंत. भुरीने ऐकून घेतले. ती रडली नाही. तिने हात झटकून टाकला आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पायरीवर होती, आणि मॅडम कठड्यावर.

असे कितीतरी दिवस चालले. काही दिवसांनी शहाद्यातल्या भावाच्या दुकानात त्या गाद्यांच्या खोळी शिवू लागल्या, आणि कामावरून निघून संध्याकाळच्या त्याच बसने येऊ लागल्या. म्हणजे भुरी ज्या बसची वाट पाही, तीतून रोज उतरणाऱ्यांत मॅडम असत. पुढे पुढे त्यांनी एक बस आधीची धरली. भुरी उतरणाऱ्या बायकांत आपल्याला पाहते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो, ते बघवत नाही म्हणाल्या. एकदा मी धीर करून विचारले, हे किती दिवस करणार? त्या म्हणाल्या, "ताई, खोटं एकदा बोललं तरी पुरतं. खरं त्याच्यानंतर रोज बोलावं लागतं." आणि मग, चुकल्यासारखे, "मंगलाला सांगा, तिसऱ्या खाटेची गादी बदलायला झाली आहे. इथून वाळत घातलेली दिसते."

मंगलाबाई त्यांच्यासाठी कधी चहा पाठवीत. मॅडम कप कठड्यावर ठेवून घेत, पण बस जाईपर्यंत पीत नसत, आणि तोवर तो निवून जाई. भुरी त्यांच्याकडे पाहत नसे. मात्र बस गेल्यावर आता ती आपण होऊन गजांजवळ येऊन उभी राही, वाक्य ऐकून घेई, आणि आत जेवायला जाई. मॅडम ताटांचा आवाज येईपर्यंत थांबत.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते हिवाळ्याच्या तोंडाशी. ऊन लवकर उतरले होते. मॅडम नेहमीच्या जागी होत्या, चष्म्याची दोरी मानेवर नीट करीत. पायरी रिकामी होती. मागच्या अंगणातून मुलींचा गलका येत होता; दोरीवरच्या उड्या चालल्या होत्या आणि कोणाचा तरी डाव बुडाल्यावरून भांडण लागले होते. त्या भांडणात सर्वांत चढा आवाज भुरीचा होता, आणि ती अहिराणीत भांडत होती.

मंगलाबाई लगबगीने फाटकाकडे आल्या. "तिले बलावस," त्या म्हणाल्या, "ध्यानमा नही ऱ्हायनं तिन्हा."

मॅडमनी बोट ओठांवर ठेवले. "बोलवू नको."

बस आली. थांबली. कोणी उतरले, कोणी चढले. मागे भुरी ओरडत राहिली की डाव तिचाच आहे. बस गेली. मॅडम कठड्यावरून उठल्या, फाटकाशी आल्या, उकिडव्या बसल्या. त्यांनी गजांतून हात आत घातला आणि रिकाम्या पायरीच्या दगडावर तळवा दाबून धरला. त्यांचे ओठ हलले. वाक्य मला ऐकू आले नाही, तेच असणार.

मग त्या उठल्या. मंगलाबाईंनी तेवढ्यात आणून दिलेला चहा त्यांनी उभ्याने, गरम असतानाच, पिऊन टाकला, कप गजांतून परत दिला, आणि शहाद्याकडे जाणारी बस धरायला रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.